पहिला घड कुणाच्या हातचा

“यंदा पहिला घड मृणालच्या हातनं तोडायचा,” अण्णा, माझे सासरे, म्हणाले आणि बशीतला चहा फुंकू लागले.

मी भाकरी थापत होते. हात थांबला नाही. चौदा वर्षं आमच्या बागेतला पहिला घड मी तोडत आले होते. हंगामाच्या पहिल्या दिवशी घरातल्या थोरल्या सुनेने न्हाऊन बागेत जायचं, पूर्वेच्या ओळीतल्या पहिल्या वेलीला हळदकुंकू लावायचं, एक घड कापायचा आणि बुंध्याशी ठेवायचा. मग मजुरांच्या टोळीने कात्र्या घ्यायच्या. सासूबाई गेल्या त्या वर्षी अण्णांनी त्यांची कात्री माझ्या हातात दिली होती.

“अण्णा, ताईंनाच तोडू द्या ना,” मृणाल म्हणाली. “मला त्यातलं काही कळत नाही.”

“कळायचं काय त्याच्यात? कात्री लावायची. वाइन तुझी, घड तुझा.”

“काय ताई?” तिने माझ्याकडे बघितलं.

“अण्णांनी सांगितलं ना,” मी म्हटलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

ती सोमवारची सकाळ होती, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. त्याला आता अकरा वर्षं झाली. मृणाल माझी धाकटी जाऊ. पुण्याची. वाइन कशी करायची याचा दोन वर्षांचा अभ्यास करून ती आमच्या घरात आली होती. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. घरची बारा एकर द्राक्षं, सगळी खाण्याची. तिच्या हट्टापायी अण्णांनी दोन एकरांत शेनिन ब्लाँ ही वाइनची जात लावली, शेडच्या मागे टाक्या बसवल्या, परवाने काढले. अण्णा स्वतः पीत नसत. घरातल्या आम्हा बायकांचा तर प्रश्नच नव्हता. मृणाल चव घेऊन बादलीत थुंकायची आणि अण्णा तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे.

ती येण्याआधी घरात एक जीभ होती, माझी. अण्णा बागेतून घड घेऊन थेट स्वयंपाकघरात यायचे. मी चार मणी खायचे, एक वरचा, दोन मधले, एक टोकाचा, आणि गोडीचा आकडा सांगायचे. सतरा. साडेअठरा. एजंट त्याचं मीटर घेऊन यायचा, काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे बघायचा आणि तोच आकडा वाचायचा. एका एजंटाने तर मीटर खिशातून काढायचंच सोडलं होतं. “वहिनींना विचारा,” म्हणायचा. गावातले लोक घड पिशवीत घालून माझ्याकडे पाठवत. मी चारचौघींसारखी बाई आहे. शिक्षण दहावी. पण त्या एका गोष्टीसाठी माझ्या दारात पुरुष थांबत असत.

वाइनच्या पहिल्या वर्षीही मृणालने मलाच विचारलं. मी म्हटलं, अजून गोडी भरली नाही, थांब. ती थांबली. चार दिवसांनी परत विचारलं, मी परत थांब म्हटलं. सहाव्या दिवशी तोडणी झाली. त्या वाइनचं जे झालं ते मी बघितलं. नाशिकच्या एका हॉटेलचे मालक फिरोजशेठ आले, घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. “गोड नाय, आंबट नाय,” ते म्हणाले. “जड आहे. कोमट सरबत.” अण्णा शेजारीच उभे होते.

“चूक माझी आहे,” मृणाल म्हणाली. “तोडायला उशीर केला.”

उशीर कुणी करायला लावला हे ती बोलली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चारलं नाही. तिने मला दोष दिला असता तर मी भांडले असते आणि विषय संपला असता. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

दुसऱ्या वर्षी अण्णांनी दोन निर्णय घेतले. पहिला, शेनिनची तोडणी मीटरवर होईल, जिभेवर नाही. दुसरा, या वर्षीची वाइन गेली नाही तर एप्रिलमध्ये ती दोन एकरं उपटून तिथे खाण्याची थॉमसन लावायची. मृणालने दोन्ही मान्य केले. आणि मग तो पहिल्या घडाचा निर्णय आला, चहाबरोबर.

मंगळवारी सकाळी ती आणि माझा दीर निशिकांत लेबलच्या मंजुरीसाठी मुंबईला निघाले. लेबलवर साळुंकीचं चित्र होतं, तेच वाइनचं नाव. जाताना तिने मीटर मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलं आणि त्याखाली चिठ्ठी. “एकवीस झाल्यावर तोडायचं. मी शुक्रवारी येते. शनिवारी तोडू.”

“ताई, रोज सकाळी एकदा बघाल ना?” गाडीत बसता बसता ती म्हणाली. “उन्हं यायच्या आत.”

“मीटरने बघू का जिभेने?”

ती हसली. “दोन्हीने बघा.”

बुधवारी सहा वाजता मी शेनिनच्या बागेत गेले. पानांवर दव होतं. पूर्वेच्या ओळीतून चार मणी तोडले आणि तोंडात टाकले. अठरा. थोडं वर, पण साडेअठरा नाही. जिभेच्या कडा आकसल्या, कानामागे शिरशिरी आली. बी चावली, ती हिरवी, तुरट लागली. मग काचेवर थेंब टाकला. अठरा पूर्णांक दोन.

मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. विचार साधा होता. खाण्याच्या द्राक्षात कच्चा माल तोडण्याइतकं वाईट काम नाही. वेलीवरून उतरलेलं द्राक्ष पुढे पिकत नाही. एकदा कात्री लागली की जे आहे तेच. अठराला तोडलेला माल आमच्या गावात कुणी उचलला नसता आणि तोडणाऱ्याला नाव ठेवलं असतं. तीन टक्के गोडी कमी म्हणजे वाइन आंबट होणार, फिरोजशेठ पेला खाली ठेवणार, एप्रिलमध्ये वेली निघणार. आणि मग अण्णा परत घड घेऊन स्वयंपाकघरात येणार.

घरी आले तेव्हा अण्णा ओट्यावर होते.

“काय म्हणतंय, रतन?”

“एकवीस,” मी म्हटलं.

“एकवीस? परवा तर सतरा होतं.”

“ऊन बघा ना काय पडलंय तीन दिवस. आणि वर ढग यायला लागलेत. शनिवारपर्यंत थांबलं तर मागल्या वर्षीसारखं होईल.”

“मीटर बघितलं का?”

“बघितलं.”

माझे यजमान, दौलतराव, दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “मृणालला फोन करून विचार की एकदा.”

“केला. लागत नाही. मंत्रालयात असतील.”

मी फोन केला नव्हता.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. अविश्वास नव्हता त्यात. मागलं वर्षभर ते माझ्या जिभेला टाळत होते आणि आता परत तिच्याकडे वळताना त्यांना बरं वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसलं. “मग उद्याच लावू टोळी,” ते म्हणाले. “तुझी जीभ म्हणतेय तर.”

चौदा वर्षांत ती पहिल्यांदा खोटं बोलली होती.

मृणाल नव्हती, म्हणून पहिल्या घडाचा मान आपोआप माझ्याकडे आला. गुरुवारी साडेपाचला मी न्हाऊन बागेत गेले. हळदकुंकू लावलं. घड कापला आणि बुंध्याशी ठेवला. पेठकडच्या टोळीची मुकादम यमुनाबाई गावित मागे उभी होती. तिने एक मणी तोंडात टाकला आणि चेहरा वाकडा केला.

“बाई, आंबट हाय.”

“वाइनची आंबटच असतात,” मी म्हटलं.

“मागल्या साली गोड होती.”

“मागल्या साली चुकलं होतं. लाव कात्री.”

नऊपर्यंत तोडणी झाली. उन्हाआधी सगळा माल शेडमध्ये आला, सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. दौलतरावांनी कॅरेटं नीट रचली. मला कुणी काही विचारलं नाही. मी बाराला सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली.

मृणाल दीडला आली. एक दिवस आधी. मंजुरी लवकर मिळाली होती आणि ते सांगायला ती शेडकडे धावतच आली, हातात लेबलांची गुंडाळी. कॅरेटं बघून थांबली.

“तोडलं?”

“रतनने सांगितलं, एकवीस झालं,” अण्णा म्हणाले. “ढग पण होते.”

तिने वर बघितलं. आकाश स्वच्छ होतं. मग गोणपाट बाजूला करून एक मणी घेतला, चावला, बी दातांत धरली. दुसऱ्या कॅरेटमधला घेतला. तिसऱ्यातला. मी शेडच्या खांबाला टेकून उभी होते आणि तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हते. घरात जाऊन तिने मीटर आणलं, थेंब टाकला, उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं.

“ताई, हे एकवीस?”

“मला लागलं एकवीस.”

“आणि मीटरवर?”

“मला नीट दिसत नाही त्यात.”

अण्णा आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होते. “काय झालं? कमी आहे का?”

मी वाट बघत होते. आता ती सांगेल. अठरा म्हणेल, अण्णा माझ्याकडे वळतील, आणि मग जे व्हायचं ते होईल. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीत थोडं सुखही होतं.

मृणालने मीटर पुसलं आणि खिशात टाकलं. “थोडं कमी आहे,” ती म्हणाली. “चालेल. निशिकांत, रसाचा प्रेस धुवायला घ्या. बर्फ मागवा.” लेबलांची गुंडाळी तिने माझ्या हातात दिली. “ही आत ठेवाल, ताई? ओली होतील.”

तिचे डोळे भरलेले होते. मी गुंडाळी घेऊन आत गेले.

पुढचे चार महिने तिने मला कधीच काही विचारलं नाही. ती टाकीपाशी राहायची, थंड पाण्याचे पाइप तपासायची, वहीत लिहायची. थुंकायची. मी तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून असायचे, पण तो चेहरा काही सांगत नव्हता.

जूनमध्ये फिरोजशेठ आले. या वेळी ते बसायलाही तयार नव्हते. “मृणाल बेटा, तू बोलावला म्हणून आला,” ते म्हणाले. “एक घोट घेते नि जाते.” त्यांची मराठी तशीच होती, नर-मादी एकत्र.

तिने पेल्यात ओतली. रंग जवळजवळ पाण्यासारखा, किंचित हिरवट. फिरोजशेठनी घोट घेतला आणि गिळला. दुसरा घोट घेतला.

“काही खायला आहे?”

मी आतून कांदाभजी आणली, सकाळची, थंड झालेली. त्यांनी एक भजं खाल्लं, वर घोट घेतला. परत भजं, परत घोट. मग खुर्ची ओढून बसले.

“ही तोंड धुऊन टाकते,” ते म्हणाले. “तेलकट भजा खाल्ला, घोट घेतला, तोंड साफ. परत भजा पाहिजे. हे काय केला तू? मागल्या साली ते सरबत, यंदा हे?”

“यंदा लवकर तोडली. आंबटपणा टिकला.”

“किती लवकर?”

“अठरा पूर्णांक दोन.”

“अठराला तोडली? वेडी आहे काय तू?”

“मी नाही तोडली.” मृणालने माझ्याकडे हात केला. “ताईंनी तोडली. मी इथे नव्हते. मी असते तर एकवीसला तोडली असती.”

फिरोजशेठ उठून उभे राहिले आणि मला हात जोडले. “किंमत अडीचशेच्या आत ठेवा,” ते अण्णांना म्हणाले. “ही रोजच्या जेवणाची वाइन आहे, वाढदिवसाची नाय. मला जेवढी होईल तेवढी पाहिजे.”

ते गेल्यावर अण्णा माझ्याजवळ आले. “अठरा म्हणाली असतीस तर मी तोडू दिलं नसतं, म्हणून एकवीस सांगितलंस. मी तुझ्या जिभेवर संशय घेतला,” ते म्हणाले. “म्हातारा झालो, दुसरं काय.” आणि त्यांनी खुंटीवरची सासूबाईंची कात्री काढून परत माझ्या हातात दिली. “ही तुझ्याकडेच राहू दे आता.”

सगळे बाहेर गेल्यावर त्या पेल्यात उरलेला घोट मी प्यायले. आयुष्यातला पहिला. ती बुधवारची सकाळ होती तोंडात, दवासकट. जिभेच्या कडा तशाच आकसल्या, कानामागे तशीच शिरशिरी. आणि ती चांगली होती. मला कुणी सांगायची गरज नव्हती, मला चव कळते. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. मी तिचं वाटोळं करायला गेले आणि त्यातूनही तिचंच भलं झालं.

साळुंकी चालली. दोन एकरांची सहा झाली. पुण्या-मुंबईचे लोक शनिवारी बाग बघायला येऊ लागले. मृणाल त्यांना टाक्या दाखवायची, चव द्यायची आणि शेवटी ती गोष्ट सांगायची. “आमच्या ताई दहावी शिकलेल्या. मी दोन वर्षं अभ्यास केलेली. माझ्या पुस्तकात एकवीस लिहिलं होतं. त्यांनी चार मणी खाल्ले आणि माझ्या माघारी तोडणी केली. मी त्या दिवशी टाकीमागे बसून रडले.” लोक हसायचे. मग मी भज्यांची ताटं घेऊन आले की एखादी बाई विचारायची, “तुम्हाला कसं कळलं हो?”

“जिभेला कळतं,” मी म्हणायचे.

दर शनिवारी. दहा वर्षं. अण्णा त्याच समाधानात गेले. पहिला घड दर वर्षी मीच तोडला आणि तोडणीचा दिवसही मीच ठरवला. बुधवारची ती चव आली की मी सांगायचे, उद्या. माझी जागा मला परत मिळाली होती, पूर्वीपेक्षा मोठी. फक्त ती माझी नव्हती.

यंदा जानेवारीत, एका शनिवारी लोक गेल्यावर, आम्ही दोघी पेले धूत होतो. ती धूत होती, मी पुसत होते. कुणीतरी त्या दिवशी माझा फोटो काढला होता. मला ते असह्य झालं.

“मृणाल, मला एकवीस लागलं नव्हतं.”

तिने नळ बंद केला नाही.

“अठराच लागलं होतं. मीटरमध्येही बघितलं होतं. फोन केलाच नव्हता तुला. तुझी वाइन नासावी म्हणून तोडली मी.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. मी मणी चावत होते तेव्हा तुम्ही द्राक्षांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.” तिने पेला उजेडाकडे धरला आणि परत पाण्याखाली घेतला. “माल बिघडला की माणूस मालाकडे बघतो.”

“मग अण्णांना का नाही सांगितलं?”

“आधी वाटलं, सांगून उपयोग काय, तोडलेलं परत लागत नाही. टाकी बिघडली की सांगायचं ठरवलं होतं. खरंच. शब्दसुद्धा ठरवले होते.” ती थोडं थांबली. “पण ती बिघडली नाही.”

“आणि तरी दर शनिवारी लोकांना सांगतेस. माझं कौतुक.”

तिने नळ बंद केला. हात पुसले.

“दोन वर्षं शिकले मी, ताई. घरच्यांशी भांडून. आणि तुमचा राग माझ्या अभ्यासापेक्षा बरोबर निघाला. पुस्तक थंड हवेतलं होतं, आपल्या उन्हात एकवीसपर्यंत आंबटपणा उरत नाही, हे मला कळायला हवं होतं. तुम्हाला न कळता जमलं. लोक वाइन माझ्या हातून पितात आणि कसं कळलं ते तुम्हाला विचारतात.” तिने पुसलेले पेले मोजल्यासारखे सरळ रांगेत लावले. “ती गोष्ट सांगताना मी लोकांकडे बघत नसते. तुमच्याकडे बघते. ‘जिभेला कळतं’ म्हणताना तुमचा चेहरा कसा होतो ते बघते. तेवढंच बरं वाटतं मला.”

मग तिने पेल्यांचं कपाट बंद केलं आणि आम्ही घरी गेलो.

पुढच्या शनिवारी मुंबईचे पंधराजण आले होते. मृणालने टाक्या दाखवल्या, ओतलं, गोष्ट सांगितली. पुस्तक, चार मणी, टाकीमागचं रडणं. मी ताट घेऊन बाहेर आले. टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, “काकू, पण तुम्हाला कळलं कसं?”

मृणाल माझ्याकडे बघत होती.

“कळलं नव्हतं,” मी म्हटलं. “पहिला घड तोडायचा मान हिला दिला म्हणून मी जळत होते. हिची वाइन नासावी म्हणून कच्ची तोडली.”

मग ते गृहस्थ जोरात हसले, आणि पाठोपाठ सगळे. एका मुलीने टाळ्या वाजवल्या. “काकू, परत सांगा ना, रेकॉर्ड करते,” ती म्हणाली. मी परत सांगितलं. ते आणखी हसले. कुणाचाही विश्वास बसला नव्हता आणि सगळ्यांना आवडलं होतं. त्या दिवशी साळुंकीच्या जेवढ्या बाटल्या बाहेर काढल्या होत्या तेवढ्या सगळ्या गेल्या आणि आतून आणखी दोन पेट्या आणाव्या लागल्या.

पेट्या मृणालने आणल्या, माझ्या चेहऱ्याकडे न बघता. तिने त्या टेबलावर ठेवल्या त्या आवाजावरूनच मला कळलं, तिला हे आवडलेलं नाही.